रेडिएटर रिकामा होतो, इंजिन होत नाही: घरी कूलंट बदलण्याचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या किंवा शनिवार-रविवारला जोडून एखादा सण आला की पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरील बोरघाटात वाहनांच्या रांगा लागतात, आणि त्या बातमीसोबतच्या छायाचित्रात बॉनेट उघडून कडेला उभी केलेली एखादी तरी गाडी असतेच. गाडी गरम होऊन बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एक मालकाच्या हातातले असते: इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, वेळेवर न बदलणे किंवा बदलताना चुकीचे भरणे. हे काम घरी करता येते, आणि पाने-पक्कड हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला ते फारसे अवघडही नाही. अडचण अशी की ‘खालचा प्लग उघडा, जुने सोडून द्या, नवे ओता’ एवढ्या तीन वाक्यांत ते सांगितले जाते आणि त्यातून दोन गोष्टी निसटतात. प्लग उघडल्यानंतरही इंजिनाच्या आत बराच द्रव राहतो, आणि नवे भरताना आत हवा अडकते. घरी केलेले काम बिघडते ते बहुधा या दोहोंपैकी एकामुळे.

## उष्णता येते किती आणि जाते कुठे

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच उपयोगी कामाच्या रूपाने हाती लागते. जवळपास तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्या ऊर्जेतील मोठा भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आजच्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, शाबूत राहते, कारण त्याच्या पोटातील वाटांमधून द्रव सतत वाहत असतो आणि ही उष्णता उचलून रेडिएटरकडे, म्हणजे वाऱ्यावर द्रव निववणाऱ्या नळ्यांच्या जाळीकडे, नेत असतो.

खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर उंची चढते. माणसांसह १,२०० किलो वजन तेवढे वर नेण्यासाठी, टायरचे घर्षण आणि हवेचा अवरोध सोडून, सुमारे ६५ लाख जूल ऊर्जा लागते. उपयोगी कामाइतकीच उष्णता कूलंटच्या वाट्याला येते असे ढोबळमानाने धरले, तर ती ३० अंश तापमानाचे बावीस लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेशी आहे. छोट्या गाडीत कूलंट असते चार-पाच लिटर. तेच चार-पाच लिटर वॉटर पंपाच्या जोरावर इंजिनातून रेडिएटरकडे आणि रेडिएटरमधून परत इंजिनाकडे अखंड फिरत राहते, म्हणून भागते. कोंडीत गाडी उभी राहिली की समोरचा वारा बंद होतो आणि सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर येते.

या फेऱ्यावर एक पहारेकरी असतो. थर्मोस्टॅट नावाच्या या झडपेत मेणाची कुपी असते. इंजिन थंड असताना झडप मिटलेली असते आणि द्रव इंजिनाच्या आतल्या आत फिरतो. तापमान साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास गेले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि रेडिएटरकडची वाट मोकळी होते. कूलंट बदलण्याच्या कामात ही झडप विसरून चालत नाही, हे पुढे दिसेलच.

## कूलंटमध्ये नेमके काय असते

कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात: पाणी, ग्लायकॉल (बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल) आणि गंज रोखणारी रसायने. उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच सर्वांत चांगले करते. तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी एक किलो पाण्याला सुमारे ४.२ किलोजूल उष्णता द्यावी लागते, तर एक किलो ग्लायकॉलला सुमारे २.४. म्हणून ‘कॉन्सन्ट्रेट’ असे लिहिलेली बाटली पाणी न मिसळता पूर्ण भरली, तर गाडी अधिक थंड न राहता अधिक गरम होते. बाटलीत जितके अस्सल तितके चांगले, हा समज येथे उलटा पडतो. थंडीच्या बाबतीतही तेच. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठते, पण निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३६-३७ अंशांपर्यंत टिकते.

ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदूही वाढतो, म्हणजे द्रव उशिरा उकळतो. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला साधारण १०७ अंश असतो. हा फायदा सात अंशांचा, तसा माफकच. मोठा फायदा येतो तो झाकणातून.

## झाकण आणि प्रेशर कुकर

रेडिएटरचे झाकण आणि स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर एकाच तत्त्वावर चालतात. कुकरच्या शिट्टीचे वजन साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा दाब आत धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरच्या झाकणावरचा ०.९ किंवा १.१ हा आकडा त्याच प्रकारच्या दाबाचा आहे. या दाबाखाली ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण १२५ ते १३० अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरची शिट्टी सैल झाली की डाळ कच्ची राहते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल झाले की कूलंट वेळेआधी उकळते. आणि वाफ न जिरता कुकरचे झाकण उघडण्याचा जो धोका, तोच गरम इंजिनाचे झाकण उघडण्याचा. दाब जाताच ११० अंशांचा द्रव क्षणात उसळतो आणि तो थेट चेहऱ्यावर व हातांवर येतो.

झाकणात आणखी एक छोटी, उलट दिशेने उघडणारी झडप असते. इंजिन तापले की फुगलेला द्रव झाकणातून शेजारच्या प्लॅस्टिकच्या रिझर्व बाटलीत जातो. इंजिन निवले की आत पोकळी निर्माण होऊन तोच द्रव परत ओढला जातो. ही परतीची झडप बिघडली किंवा बाटलीकडे जाणाऱ्या नळीला चीर गेली, तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी फसवी स्थिती होते. केवळ बाटलीवरची खूण पाहून निश्चिंत राहणाऱ्यांनी म्हणून महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकणही उघडून पाहावे. अनेक युरोपीय आणि काही भारतीय गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते. तेथे प्लॅस्टिकची टाकीच दाबाखाली असते आणि दाबाचे झाकण तिच्यावरच असते.

## ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसते पाणी का नको?’

हा प्रश्न रास्त आहे, कारण एका पिढीने गाड्या अशाच चालवल्या. जुन्या अँबॅसॅडरच्या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड, दोन्ही ओतीव लोखंडाचे होते. सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालणे हा चालकाच्या दिनक्रमाचा भाग होता, आणि आतून थोडा गंज चढला तरी जाड धातू तो सोसत असे. आजच्या इंजिनात ॲल्युमिनियम, लोखंड, रबर आणि प्लॅस्टिक एकाच द्रवात शेजारी-शेजारी असतात. दोन वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन त्यांपैकी एक झिजू लागतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्यांची भिंत अतिशय पातळ असते. तिला भोक पडायला फार काळ लागत नाही.

नळाच्या आणि विशेषतः बोअरच्या पाण्याचा दोष वेगळा आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे सिलिंडर हेडच्या वाटांमध्ये, थर धरून बसतात. हा थर उष्णतेला अडवतो. मग धातू तापलेला, पाणी मात्र कोमट आणि तापमानाचा काटा बिनघोर, असे होते. कूलंटमधील रसायने गंज रोखतात, द्रवाची आम्लता आटोक्यात ठेवतात, फेस होऊ देत नाहीत आणि पंपाचे सील सुस्थितीत ठेवतात. महाराष्ट्रात कूलंट लागते ते मुख्यतः या रसायनांसाठी. गोठण्याचा प्रश्न लडाख किंवा स्पितीकडे हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांचा, किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांचा.

ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, रसायने मात्र खर्च होतात. कूलंट बदलण्याची मुदत ठरते ती त्यांच्यावरून. त्यामुळे बाटलीतला रंग स्वच्छ दिसतो म्हणून कूलंट चांगलेच आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याउलट रंग तपकिरी झाला असेल, तळाशी गाळ असेल किंवा झाकणाखाली गंजाची साय धरली असेल, तर मुदत संपली आहे असे खुशाल समजावे.

## हिरवे, लाल, निळे

रंग हा केवळ घातलेला रंग आहे. तो कोणत्याही सर्वमान्य प्रमाणाशी बांधलेला नाही. एका कंपनीचे हिरवे कूलंट जुन्या पद्धतीच्या सिलिकेट-फॉस्फेट रसायनांचे असते आणि साधारण दोन वर्षे चालते. दुसऱ्या कंपनीचे हिरवेच कूलंट सेंद्रिय आम्लांवर आधारलेले असते आणि पाच वर्षे चालू शकते. भिन्न प्रकार मिसळले तर रसायने एकमेकांना निष्प्रभ करतात, आणि काही वेळा जेलीसारखा साका तयार होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. खरेदी करताना रंग बाजूला ठेवून गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले विनिर्देश बाटलीवर आहेत का, ते पाहावे. भारतीय मानक आयएस ५७५९ किंवा जपानी मानक जेआयएस के २२३४ यांचा उल्लेख असणे बरे. ज्या बाटलीवर ग्लायकॉलचे प्रमाण किंवा पाणी किती मिसळायचे हेच लिहिलेले नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

बाजारात दोन प्रकार मिळतात आणि पुढच्या हिशेबात त्यांतील फरक कळीचा आहे. ‘रेडी टू यूज’ म्हणजे पाणी आधीच मिसळलेले, तसेच ओतायचे. ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे पाणी मिसळून वापरायचे.

## ‘मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढूनच टाका’

उष्ण प्रदेशात तो लागत नाही, हा सल्ला आपल्याकडच्या गॅरेजांत इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापते, हे खरे; आणि तो काढून टाकल्यावर तेवढ्यापुरती तक्रार मिटते, हेही खरे. पण इंजिन एका ठरावीक तापमानाला चालेल अशाच बेताने बनवलेले असते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः पहाटे किंवा मोकळ्या महामार्गावर, त्या तापमानाला पोहोचतच नाही. संगणक इंजिन थंड आहे असे समजून अधिक इंधन सोडत राहतो, मायलेज घसरते, आणि तेलात जमणारी ओल न उडाल्याने तेलाचा चिखल होतो.

त्यापुढची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतानाच रेडिएटरला वळसा घालणारी दुसरी वाट बंद करतो. तो काढला की दुसरी वाट कायमची उघडी राहते, आणि गरम द्रवाचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंड न पाहताच इंजिनात परत जातो. म्हणजे घाटात, ऐन गरजेच्या वेळी, गाडी थर्मोस्टॅट असताना तापली असती त्याहून अधिक तापू शकते. नवा थर्मोस्टॅट बहुतेक छोट्या गाड्यांसाठी काही शे रुपयांत मिळतो, आणि कूलंट काढलेलेच असते तेव्हा तो बदलण्याचे श्रमही कमी असतात. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीला जोडून सतत चालू ठेवण्याचा उपायही याच जातीचा आहे.

## फ्लश करावे की नुसते बदलावे?

फ्लश करणे म्हणजे जुने कूलंट काढल्यावर आतला सगळा मार्ग शुद्ध पाण्याने धुऊन मग नवे भरणे. माझ्या मते ज्या गाडीत पहिल्यापासून योग्य कूलंट आहे, ते वेळेवर बदलले गेले आहे आणि काढलेला द्रव स्वच्छ आहे, तिला फ्लशची गरज नाही. रेडिएटरमधून निघेल तेवढे काढावे, त्याच प्रकारचे रेडी टू यूज कूलंट भरावे, आणि काही दिवस गाडी चालवून हीच क्रिया पुन्हा करावी. या पद्धतीत आत पाणी जात नाही, म्हणून प्रमाणाचा गोंधळ होत नाही.

फ्लश लागतो तो तीन प्रसंगी: द्रव गंजलेला किंवा गढूळ असेल, आधी नुसते पाणी भरले गेले असेल, किंवा आत कोणत्या प्रकारचे कूलंट आहे हेच ठाऊक नसेल. जुनी गाडी विकत घेतली असेल तर तिसरा प्रसंग गृहीतच धरावा. फ्लशसाठी म्हणून विकली जाणारी रसायने मात्र साध्या कामात वापरू नयेत. त्यांतील काही आम्लधर्मी असतात, नीट धुतली गेली नाहीत तर नव्या कूलंटमधील रसायनेच खातात. आणि गंजाच्या खपलीने बुजलेले भोक त्यांच्यामुळे उघडे पडले, तर दुरुस्ती वाढते.

## काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत बरी. काही गाड्यांत किल्ली काढलेली असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. खाली जायचे असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही जाऊ नये. खाली पक्के स्टँड लावावेत आणि चाकांना अडण द्यावे. पुढे इंजिन बराच वेळ चालू ठेवावे लागणार असल्याने बंद गॅरेज किंवा इमारतीचे तळघर टाळावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साहित्यात रुंद तोंडाचे घमेले किंवा टब, मोजमापाच्या खुणा असलेला मग, नरसाळे, पक्कड, हातमोजे आणि दहा-बारा लिटर डिस्टिल्ड वॉटर पुरते. बॅटरीच्या दुकानांत किंवा पेट्रोल पंपांवर कॅनमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी हेच. फक्त त्याच दुकानात बॅटरीचे आम्लही तशाच कॅनमध्ये असते, तेव्हा चिठ्ठी वाचून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे साहित्य म्हणजे एक आकडा: गाडीच्या शीतन व्यवस्थेत एकूण किती लिटर द्रव मावतो. तो माहितीपुस्तिकेत असतो.

## उरलेल्या पाण्याचा हिशेब

समजा, एकूण क्षमता ५ लिटर आहे. हीटरचा दांडा पूर्ण गरमवर ठेवला, रेडिएटरचे झाकण उघडले, तळाचा प्लग किंवा खालचा होज पाइप सोडला, आणि टबात जमलेला द्रव मोजला तर तो २.५ लिटर भरला. उरलेला २.५ लिटर कुठे गेला? तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, हीटरमध्ये आणि पाइपांत आहे. इंजिन थंड असल्याने थर्मोस्टॅट मिटलेला आहे आणि ब्लॉकमधील द्रवाला तिकडून वाट नाही. काही इंजिनांना ब्लॉकवर वेगळा ड्रेन बोल्ट असतो, पण त्याच्यापर्यंत हात पोहोचणे बहुधा दुरापास्त असते आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने तो बसलेला असतो. घरी त्याच्या नादी लागू नये.

आता प्लग बंद करून २.५ लिटर डिस्टिल्ड वॉटर भरले, बॅटरीची तार परत जोडून इंजिन सुरू केले आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवले, तर जुने आणि नवे पाणी एकजीव होते. वरचा होज पाइप एकाएकी गरम लागू लागला म्हणजे झडप उघडली, ही तिची खूण. त्यानंतर इंजिन पूर्ण निवू द्यावे आणि पुन्हा २.५ लिटर काढावे. आत राहिलेल्या द्रवात जुन्या कूलंटचा हिस्सा आता निम्मा उरला. दुसऱ्या धुण्यानंतर तो पाव होतो, तिसऱ्यानंतर आठवा भाग. नवे २.५ लिटर भरले की संपूर्ण व्यवस्थेत जुने उरते ते सोळावा भाग, म्हणजे सुमारे सहा टक्के. एवढे धुणे पुरते. दरवेळी इंजिन थंड होण्याची वाट पाहायची असल्याने हे काम एका बैठकीत संपत नाही, आणि घाईने गरम इंजिनात थंड पाणी ओतले तर हेड वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो.

खरी चूक यापुढे होते. तिसऱ्या धुण्यानंतर रेडिएटर रिकामा दिसतो, पण इंजिनात २.५ लिटर जवळजवळ शुद्ध पाणी बसलेले असते. आता रेडिएटरमध्ये रेडी टू यूज, म्हणजे निम्मे-निम्मे मिश्रण भरले, तर त्यातून ग्लायकॉल आले फक्त सव्वा लिटर, आणि पाच लिटरच्या व्यवस्थेत प्रमाण झाले २५ टक्के. गंजरोधक रसायनेही हवी त्याच्या निम्मीच. बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे सगळे बिनचूक केले, तरी गाडीत पातळ कूलंट. यावर उपाय सोपा आहे: फ्लशनंतर पहिले भरणे कॉन्सन्ट्रेटचे करावे. २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट आतल्या २.५ लिटर पाण्यात मिसळले की प्रमाण आपोआप ५० टक्के होते. निघालेला द्रव २ लिटरच असेल तर कॉन्सन्ट्रेटनेही प्रमाण ४० टक्क्यांपर्यंतच जाईल. आपल्या हवामानात तेवढे पुरेसे आहे. रिझर्व बाटली मात्र वेगळी धुवावी आणि तिच्यात तयार मिश्रणच घालावे. अखेरीस किती काढले आणि किती भरले हे दोन्ही आकडे जुळतात का, ते पाहावे. अडीच लिटर काढून पावणेदोनच भरले गेले असेल, तर उरलेल्या पाऊण लिटरच्या जागी हवा आहे.

## अडकलेली हवा

हवा उष्णता वाहून नेत नाही आणि वॉटर पंप तिला ढकलू शकत नाही. ती वर चढून सर्वांत उंच जागी, म्हणजे नेमकी सिलिंडर हेडच्या किंवा हीटरच्या आसपास, फुगा करून बसते. तिथला धातू भाजून निघतो. तापमान मोजणारा सेन्सर त्या फुग्यात सापडला तर तो द्रवाऐवजी हवेचे तापमान मोजतो, आणि इंजिन तापलेले असूनही काटा मधेच राहतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा आणि लाल एवढे दोन दिवे असतात. लाल दिवा लागेपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो.

हवा काढण्यासाठी गाडीचे नाक किंचित चढावर ठेवावे, म्हणजे रेडिएटरचे तोंड व्यवस्थेतील सर्वांत उंच जागा होते. कूलंट अगदी बारीक धारेने ओतावे. झाकण उघडे ठेवून आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे, मधून मधून वरचा होज पाइप हाताने दाबावा. गुडगुड करत बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते, तसतसे आणखी घालत जावे. पाइप गरम झाल्यावर तो दाबायचा तर जाड हातमोजे घालूनच. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली जाते, कधी उलट उसळते, म्हणून या वेळी तोंडावर वाकू नये. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला, बुडबुडे थांबले आणि हीटरमधून सलग गरम हवा आली, की झाकण लावावे. ज्या गाड्यांत हवा सोडण्याचा वेगळा स्क्रू असतो तेथे तो सैल करून अखंड धार येईपर्यंत थांबावे. ज्यांत दाबाखालची टाकी आहे, तेथे भरणे त्या टाकीतूनच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असणे स्वाभाविक आहे. आठवडाभर रोज उतरत राहिली, बाहेर कुठे गळती दिसत नसली आणि रेडिएटरमधले बुडबुडे थांबतच नसले, तर कारण अडकलेली हवा नाही. हेड गॅसकेटमधून, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलमधून, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असावा. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर शंका आणखी बळावते. अशा गाडीला कितीही वेळा फ्लश केले तरी उपयोग नाही, ती मेकॅनिककडेच गेली पाहिजे.

## ‘आरओचे किंवा एसीचे पाणी वापरले तर?’

आरओ यंत्राच्या पाण्यात क्षार बरेच कमी असले तरी पूर्ण गेलेले नसतात. अडचणीच्या वेळी, दोन तांबे घालून घरी पोहोचण्यासाठी, ते बोअरच्या पाण्यापेक्षा नक्कीच चांगले. एसीतून ठिबकणारे पाणी क्षारांच्या बाबतीत शुद्ध असते, पण ते एसीच्या धुळीने आणि बुरशीने माखलेल्या जाळीवरून आलेले असते. पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरची किंमत आणि रेडिएटरची किंमत शेजारी मांडून पाहिली की या काटकसरीत फारसे तथ्य उरत नाही. फार गढूळ गाडीची पहिली धुणी नळाच्या पाण्याने करायला हरकत नाही. शेवटची मात्र डिस्टिल्डचीच हवीत.

## घरी कोणी करू नये

वॉरंटीतल्या गाडीचे काम सर्व्हिस सेंटरलाच करावे, म्हणजे पुढे वाद होत नाही. टोयोटाच्या पद्धतीच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांत इंजिनाशिवाय इन्व्हर्टरसाठीही कूलंटचा स्वतंत्र फेरा असतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारा द्रव वेगळ्या गुणधर्मांचा असू शकतो आणि शेजारी उच्च दाबाची वीज असते. तेथे हात घालू नये. काही गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि हवा काढण्यासाठी निर्वात पोकळीचे यंत्र किंवा संगणकाची आज्ञा लागते. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असेल, तर नरसाळ्याने ते काम होणार नाही.

## टबातल्या जुन्या कूलंटचे काय?

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत साचून ती निकामी होतात. प्रौढ माणसाच्या जिवाला सुमारे १०० मिलिलिटर पुरेसे ठरू शकते. मांजराला एखाद-दुसरा चमचाही पुरतो. सोसायटीच्या आवारात टब उघडा ठेवून चहाला जाणे म्हणूनच योग्य नाही. सांडलेले कूलंट लगेच माती टाकून उचलावे आणि मग ती जागा पाण्याने धुवावी, आणि कोणी प्यायल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण सुरुवातीचे तास माणूस केवळ दारू प्यायल्यासारखा दिसतो.

जुने कूलंट गटारात, पावसाच्या नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. त्यात ग्लायकॉलबरोबर रेडिएटर आणि इंजिनातून आलेले जड धातूही असतात. काढलेले कूलंट आणि सगळ्या धुण्यांचे पाणी मजबूत कॅनमध्ये भरून, त्यावर ‘विष, जुने कूलंट’ असे ठळक लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि वापरलेले तेल रीतसर गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला ते स्वीकाराल का, असे आधी फोन करून विचारावे. पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची बाटली त्यासाठी कधीही वापरू नये.